व्हॅन गॉगच्या ‘बेडरूम’ची प्रत: भिंत निळी करायची की जांभळी?

तैलरेघ

व्हॅन गॉगच्या ‘बेडरूम’ या चित्राची अभ्यासप्रत तेलरंगात करतोय. कॅनव्हास बाजारात मिळतो तो तयार, १६ × २० इंची, ॲक्रिलिक जेसो (रंगाखालचं पांढरं अस्तर) लावलेला. पेन्सिलीचं रेखाटन झालंय, पण रंगापाशी येऊन अडलोय.

पहिला प्रश्न भिंतीचा. नेटवर जितके फोटो तितके निळे. कुठे आकाशी, कुठे राखाडीकडे झुकलेला. त्यात एके ठिकाणी वाचलं की भिंत मुळात निळी नव्हतीच. मग प्रत करायची कशावरून?

दुसरा जाडीचा. आधी बोर्डाच्या तुकड्यावर चाचणी केली. ट्यूबमधला रंग जवसाच्या तेलात सैल करून जाड लावला, तर आठवडाभरात वर साय धरली आणि तिला सुरकुत्या पडल्या. बोट दाबलं तर आत अजून ओलं. दुसऱ्या तुकड्यावर खाली हाच तेलकट थर आणि वर टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग होता. तिथे केसासारखे तडे आलेत.

तिसरं म्हणजे चित्रात सावल्याच नाहीत. सावलीशिवाय खुर्ची जमिनीवर टेकवायची कशी? माझी तर तरंगतेय.

शिवाय रंग किती लागेल? प्रत्येकाची २० मिलीची एकेक ट्यूब आहे.

जुनी फ्रेम

आधी कोणतं ‘बेडरूम’ करताय ते ठरवा. एकूण तीन आहेत, आणि फोटोंमधला निम्मा गोंधळ त्यामुळेच आहे. पहिलं ऑक्टोबर १८८८ मध्ये आर्ल गावी काढलेलं, ७२.४ × ९१.३ सेंमी. ते ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये असतं. व्हॅन गॉग इस्पितळात असताना ऱ्होन नदीला पूर आला, बंद घरात ओल शिरली आणि चित्र खराब झालं. म्हणून सप्टेंबर १८८९ मध्ये सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात राहून त्याने जवळपास त्याच मापाचं दुसरं काढलं. ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याच सुमारास आई आणि बहिणीसाठी तिसरं, लहान, ५७.५ × ७४ सेंमीचं. ते पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये. ओळखायची सोपी खूण म्हणजे पलंगाच्या वर भिंतीवर टांगलेली दोन व्यक्तिचित्रं. पहिल्या चित्रात ती त्याच्या दोन मित्रांची आहेत, चित्रकार यूजीन बॉक आणि लष्करातला मिलिए. पुढच्या दोन्हींत ती बदलली आहेत.

आता भिंत. १६ ऑक्टोबर १८८८ च्या पत्रात त्याने भाऊ थिओला रंगांची यादीच दिली आहे. भिंती फिकट जांभळ्या, जमीन लाल फरशांची, पलंग आणि खुर्च्या ताज्या लोण्यासारख्या पिवळ्या, चादर आणि उशा फिकट लिंबूहिरव्या, पांघरूण भडक लाल, खिडकी हिरवी, तोंड धुवायचं टेबल नारिंगी, त्यावरचं भांडं निळं, दारं जांभळट. म्हणजे तुम्ही वाचलंत ते खरं आहे.

झालं असं, की हा जांभळा निळ्यात लाल ‘लेक’ रंग मिसळून केला होता. लेक म्हणजे रंगद्रव्य दळलेलं खनिज नसतं. कापड रंगवायला वापरतात तसा विरघळणारा रंग पांढऱ्या भुकटीवर बसवलेला असतो. त्या काळचे असे बरेच लाल लेक उजेडात उडून जात. लाल उडाला, निळा जागेवर राहिला, आणि जांभळी भिंत निळी झाली. आर्ट इन्स्टिट्यूटने २०१६ मध्ये तिन्ही चित्रं एकत्र मांडली होती, तेव्हा मूळ रंग कसे असतील हे संगणकावर जुळवूनही दाखवलं होतं.

लोण्यावरून एक सूचना. आपल्याकडे लोणी म्हटलं की ताकावरचा पांढराशुभ्र गोळा डोळ्यांपुढे येतो. त्याच्या डोळ्यांपुढे गाईचं, पिवळसर लोणी आहे. पलंग पांढुरका करून ठेवू नका.

पीतांबरी

यादीच्या पुढची गोष्ट दुसऱ्याच दिवशी चित्रकार मित्र गोगँला लिहिलेल्या पत्रात आहे. त्यात तो म्हणतो की या सगळ्या वेगवेगळ्या रंगांतून त्याला पूर्ण विसावा दाखवायचा होता. पांढरा म्हणून फक्त काळ्या चौकटीतला छोटा आरसा, तोही विरोधी रंगांची चौथी जोडी भरायला. मग आधीच्या तीन जोड्या मोजा: लाल आणि हिरवा (पांघरूण, खिडकी), नारिंगी आणि निळा (टेबल, भांडं), पिवळा आणि जांभळा (पलंग, भिंत). काळा-पांढरा ही चौथी.

भिंत निळी केलीत की तिसरी जोडी मोडते. निळ्यावर पिवळा उठून दिसतो, पण नुसता उठून दिसणं वेगळं आणि जोडी जमणं वेगळं. आज चित्र बघताना अनेकांना त्या खोलीत विसाव्याऐवजी बेचैनी जाणवते, त्याचं एक कारण हा उडालेला लाल असावा असं माझं मत आहे. त्याची ‘शैली’ म्हणून लोक वळणदार फटकाऱ्यांची नक्कल करतात. या चित्रात शैली आहे ती या चार जोड्यांमध्ये.

मिश्रण सांगते. जुने लाल लेक आणि ॲलिझरिन क्रिम्सन (ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक असतो, याचा पीआर ८३) दोन्ही टाळा, नाहीतर तुमची भिंतही काही वर्षांनी निळी. क्विनॅक्रिडोन रोझ घ्या, ट्यूबवर पीव्ही १९ लिहिलेलं असतं. टायटॅनियम पांढरा पाच वाटाणे, कोबाल्ट निळा (पीबी २८) दोन वाटाणे, क्विनॅक्रिडोन फक्त मुगाएवढा. हा शेवटचा फार जोरकस आहे. वाटाणाभर टाकलात तर भिंत गुलाबी होईल. मुगाएवढा घालून पूर्ण घोटा, मग लागला तर आणखी अर्धा मूग. कोबाल्टऐवजी अल्ट्रामरीन घेतलात तर तो स्वतःच तांबूस निळा असतो, तेव्हा लाल आणखी कमी लागेल.

पलंगाला कॅडमियम यलो लाइट (पीवाय ३५), पांढरा, आणि किंचित यलो ऑकर. मूळ क्रोम यलो शिशाचा असतो, त्याच्या मागे लागू नका. चादरीला पांढऱ्यात लेमन यलो आणि ब्रशच्या टोकावर येईल एवढाच व्हिरिडियन हिरवा.

भिंतीचा सगळा रंग एकाच वेळी घोटून झाकणाच्या डबीत ठेवा. अर्ध्यावर संपला तर दुसऱ्यांदा तोच जांभळा जुळत नाही, आणि सपाट भिंतीवर जोड लगेच दिसतो.

गोणपाट

थोडा वेगळा सूर लावतो. पत्रात ‘फिकट जांभळा’ लिहिलंय, पण किती फिकट आणि किती जांभळा, हे पत्र सांगत नाही. म्युझियमने केलेली पुनर्रचनाही अभ्यासपूर्ण अंदाजच आहे. अभ्यासप्रतीचा उद्देश समोर आहे ते बघायला शिकणं हा असेल, तर समोर आज निळी भिंत आहे. न पाहिलेला रंग कल्पनेने भरला की प्रत राहत नाही, तुमचं स्वतःचं चित्र होतं. वाईट काही नाही, पण दोन्हींची गल्लत नको.

माझा सल्ला: कॅनव्हासवर जाण्याआधी ५ × ४ इंचाचे दोन कागद घ्या, तेलरंगाचा कागद नसेल तर जाड ड्रॉइंग पेपरला जेसोचे दोन हात. एकावर निळी भिंत, दुसऱ्यावर जांभळी, बाकी सगळं सारखं. तपशील नको, फक्त भिंत, पलंग, पांघरूण, जमीन आणि खिडकी अशा पाच-सहा पट्ट्या. दोन मीटरवरून बघा. मग ठरवा.

आणि संदर्भ म्हणून सर्च इंजिनमधला कुठलाही फोटो उचलू नका. त्या त्या म्युझियमच्या संकेतस्थळावर मोठा फोटो असतो तो घ्या, आणि मोबाइल किंवा लॅपटॉपचा रात्रीचा पिवळा उजेड बंद करा. झेरॉक्सच्या दुकानातून काढलेल्या रंगीत प्रिंटवर तर अजिबात जाऊ नका, फिकट जांभळा तिथे हमखास राखाडी उतरतो.

पीतांबरी

@गोणपाट, दोन कागदांची युक्ती पटली. ‘समोर आहे ते’ मात्र पटलं नाही. उडालेला रंग हा उजेडाचा पराक्रम आहे, चित्रकाराचा नाही. त्याची प्रत करून त्याचं काय शिकणार?

गोणपाट

उजेडाचा का असेना, गेली शंभर वर्षं लोक बघतायत ते चित्र हेच आहे. असो, तैलरेघ यांनी दोन्ही करून बघावं.

चिकटपट्टी

जाडीकडे वळू या, कारण रंग कितीही बरोबर असला तरी सुरकुतला तर काय उपयोग.

जवसाचं तेल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि घेताना सुरुवातीला फुगतं. जाड थरात वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, फुगतो, आणि खाली ओलं असल्यामुळे त्याला पसरायला जागा मिळत नाही. म्हणून सुरकुत्या. तुम्ही वरून आणखी तेल घातलंत, म्हणजे दुखणं विकत घेतलंत. जाड लावायच्या रंगात तेलाचा थेंबही घालायचा नसतो. उलट ट्यूबमधलंच तेल थोडं काढावं लागतं. टीपकागदावर किंवा ब्राउन पेपरवर रंगाची पट्टी पिळून अर्धा ते एक तास ठेवा, कागदावर तेलाचं वर्तुळ उमटेल, मग पॅलेट नाइफने उचलून घ्या. रंग दह्यासारखा न राहता श्रीखंडासारखा झाला की ब्रशच्या केसांच्या रेघा त्यात टिकतात. रात्रभर मात्र ठेवू नका. तेल फार गेलं तर वाळलेला रंग खडूसारखा भुगा सोडतो.

तड्यांचं कारण उलटं आहे. खालचा तेलकट थर सावकाश वाळतो आणि वाळताना हलत राहतो. वरचा पातळ थर लवकर कडक होतो, खालचा हलला की तो फुटतो. खाली कमी तेल, वर जास्त तेल, हा क्रम मोडायचा नाही. तुमच्या प्रतीला सर्वांत सुरक्षित म्हणजे खाली टर्पेंटाइनने पातळ केलेला एकच हलका हात, तो चार-पाच दिवस वाळू द्यायचा, आणि वर ट्यूबचा घट्ट रंग एकाच बैठकीत. एकेक वस्तू घेऊन ती त्या दिवशी पूर्ण करायची.

घट्टपणा हवा म्हणून तेलरंगात ॲक्रिलिक मॉडेलिंग पेस्ट मिसळू नका, फाटतं. काही जण आधी पेस्टचे उंचवटे करून त्यावर तेलरंग फिरवतात. टिकतं ते, पण नकली दिसतं: उंचवटा एका दिशेला जातो आणि रंगाचा फटकारा दुसऱ्या. अशा प्रतीत हीच गोष्ट आधी डोळ्यांत भरते. पांढरा नुसता झिंक नको, जाड थरात तो वर्षांनी ठिसूळ होतो. टायटॅनियम घ्या.

रंगाचा हिशेब सोपा आहे. १६ × २० इंच म्हणजे साधारण २,०६० चौरस सेंमी. सरासरी जाडी अर्धा मिलिमीटर धरली तर १०३ मिली रंग. एक मिलिमीटर धरली तर दुप्पट. भिंती आणि दारं मिळून चित्राचा ४० टक्के भाग धरा, म्हणजे ४० मिलीच्या आसपास. वर पाच-दोनचं प्रमाण दिलंय त्याप्रमाणे त्यात २८ मिली नुसता पांढरा. तुमची २० मिलीची ट्यूब भिंतीलाच पुरणार नाही. पांढऱ्याची मोठी ट्यूब आणा, पिवळ्याच्या दोन आणा, बाकी एकेक चालेल. उंचवटे दोन-तीन मिलिमीटरच्या वर नेऊ नका.

पावसाळ्यात करत असाल तर मुंबई-कोकणात वाळायला दुप्पट वेळ धरा. कोबाल्टचे रंग लवकर वाळतात. कॅडमियम, टायटॅनियम आणि क्विनॅक्रिडोन उशिरा. म्हणजे पलंग सर्वांत शेवटी वाळणार. महिनाभर त्याला हात लावू नका. चित्र भिंतीला चिकटवून उभं करू नका, मागे दोन-तीन इंच हवा खेळू द्या, नाहीतर कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी येते. आणि धूळ बसेल म्हणून कपाटात ठेवण्याचा मोह टाळा. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं, ते फिकट जांभळ्यावर सगळ्यात आधी कळतं. उजेडाच्या खोलीत ठेवा, थेट उन्हात नको. वॉर्निश वर्षभराने.

कॅनव्हास सैल पडला तर मागच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात त्या हलक्या हाताने ठोका. स्वस्त कॅनव्हासला पाचरीच नसतात. अशा वेळी कॅनव्हास काढून प्लायवर चिकटवलेला बरा, जाड रंगाला कडक पाठ मानवते.

तैलरेघ

खूप उपयोग झाला, धन्यवाद. दोन्ही कागद करून पाहिले. जांभळ्या कागदावर पलंग जास्त पिवळा वाटतो, रंग दोन्हींकडे त्याच डबीतला असून. प्रत जांभळीच करतोय. पण खुर्ची अजून तरंगतेय. आणि मागची भिंत तिरकी दिसते ती फूटपट्टीने सरळ करावी का?

जुनी फ्रेम

अजिबात सरळ करू नका. आर्लच्या त्या पिवळ्या घरातली ही खोली मुळातच काटकोनी नव्हती, मागची भिंत तिरकीच होती. त्याने तिरकस काढलं ते निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, उरलेलं त्याने स्वतः ताणलं. कुठलं कुठे हे फूटपट्टीला कळणार नाही.

रेखाटन तपासायला चौकटी पाडा. २० इंचाचे पाच भाग, १६ इंचाचे चार, चार-चार इंचाचे वीस चौरस. फोटोवरही तितक्याच. मूळ चित्र तुमच्या कॅनव्हासपेक्षा किंचित रुंद प्रमाणाचं आहे, त्यामुळे पूर्ण रुंदी बसवली तर उंचीत साडेतीन मिलिमीटर उरतात. ते खालून जमिनीत जाऊ द्या. चित्र उभं ताणून बसवलंत तर पलंग आखूड होईल.

खुर्चीचं असं आहे. पत्रात तो स्पष्ट लिहितो की पडछाया काढून टाकल्या आहेत आणि रंग जपानी छापचित्रांसारखे सपाट लावले आहेत. गोगँला लिहिलेल्या पत्रात तर ‘सरासारखा साधेपणा’ असे शब्द आहेत. सरा हा ठिपक्यांनी रंगवणारा चित्रकार, त्यामुळे त्याचं नाव निघालं की आपल्याला ठिपके आठवतात, पण इथे ठिपका एकही नाही. त्याला सरातला साधेपणा आवडलेला आहे, तंत्र नव्हे. (या सगळ्यांना ‘पोस्ट-इम्प्रेशनिस्ट’ हे एकच लेबल इंग्रज कलासमीक्षक रॉजर फ्रायने लंडनच्या १९१० च्या प्रदर्शनासाठी लावलं. तोवर व्हॅन गॉग, सरा, गोगँ आणि सेझान, चौघंही वारले होते. तेव्हा त्या नावावरून एखादी सामाईक पद्धत शोधत बसू नका.)

सावली नसताना वस्तू टेकते ती तीन गोष्टींमुळे. जमिनीच्या रेघा खुर्चीच्या पायापर्यंत येऊन तिथे तुटल्या पाहिजेत आणि पायापलीकडे त्याच दिशेने पुढे गेल्या पाहिजेत. तुमच्या रेखाटनात त्या पायाच्या आधीच थांबल्या असतील. दुसरं, पायाभोवती जेसोची पांढरी फट राहिली की खुर्ची कापून चिकटवल्यासारखी दिसते. आधी जमिनीचा रंग पायाच्या थोडा आत घ्या, मग ओल्यातच पायाचा पिवळा वर बसवा. तिसरी गोष्ट बाह्यरेषा. ती सगळीकडे एकाच जाडीची ठेवू नका. पाय जमिनीला जिथे भेटतो तिथे ब्रश किंचित दाबून अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरची रेघ जाड करा, वर जाताना सोडत जा. चार नंबरचा गोल ब्रश पुरतो. ट्यूबमधला काळा मात्र वापरू नका, तो आरशाच्या चौकटीसाठी राखून ठेवायचा आहे. बर्न्ट सिएनात थोडा प्रशियन निळा घातला की पुरेसा गडद तपकिरी मिळतो.

चारही पायांची टोकं एकमेकांना पेन्सिलीने जोडून बघा. जो चौकोन होईल तो जमिनीच्या फरशांच्या उताराशी जुळला नाही तर रेघ कितीही जाड केलीत तरी खुर्ची उडणारच.

तैलरेघ

चौकोन जुळत नव्हता. मागचा डावा पाय जवळपास अर्धा इंच वर होता, खाली घेतला. बाकी रंगवताना बघतो. शेवटचं एक: प्रत आहे हे कुठे आणि कसं लिहायचं?

चिकटपट्टी

पुढून सही नको, त्याची तर नकोच. कॅनव्हासच्या पाठीवर पेनने लिहू नका, शाई पुढे झिरपते. मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने लिहा: ‘व्हॅन गॉग यांच्या १८८८ च्या बेडरूमवरून अभ्यासप्रत’, तुमचं नाव, तारीख. त्याखाली भिंतीला वापरलेले रंग ट्यूबवरच्या क्रमांकांसकट: टायटॅनियम पीडब्ल्यू ६, कोबाल्ट पीबी २८, क्विनॅक्रिडोन पीव्ही १९. आणि डबीत उरलेल्या जांभळ्याचा एक हात एका कार्डावर ओढा, अर्धं कार्ड काळ्या कागदाने झाकून खिडकीत लावून ठेवा. सहा महिन्यांनी कागद काढून बघा, दोन्ही अर्ध्यांत फरक दिसला तर इथे नक्की कळवा.